तारेचे दुसरे टोक



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर कामगार-संघटनेतल्या माणसाने विजेच्या इतिहासावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही इंजिनिअर नव्हे. आमची वीज कॉलेजात शिकलेली नाही. ती लाइनमन आणि वायरमन सोबत्यांच्या शेजारी बसून, रद्दीत मिळालेली पुस्तके रात्री वाचून आणि न कळले ते दहा जणांना विचारून जमवलेली आहे. तेव्हा बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. सापडला तर थोडा अनुभव सापडेल.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला काही तरुण मुले येतात. कोणी इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, कोणी दूरसंचार, कोणी संगणक. मुले हुशार आहेत. नखाएवढ्या चकतीत लाखो जोडण्या कशा बसतात ते ती आम्हांला समजावून देतात. एकदा आम्ही त्यांना सहज विचारले, "हा पंखा फिरतो आहे, त्याची वीज या क्षणी कुठे तयार होते आहे?" एकाने भिंतीतल्या प्लगकडे बोट दाखवले. दुसरा म्हणाला, "डीपीतून येते." त्यापलीकडे कोणाची नजर गेली नाही. दोष मुलांचा नाही. त्यांच्या शाखेत वीज हा एक निरोप्या आहे. तो किती चपळ, किती अचूक, एवढेच तिथे पाहावयाचे असते. पण विजेचे दुसरेही एक रूप आहे, आणि ते हमालाचे आहे. गिरणी चालवणारी, गाडी ओढणारी, पाणी वर चढवणारी वीज ती ही. निरोप्याला हलकी चिठ्ठी न्यायची असते, हमालाला ओझे. म्हणून दोघांचे शास्त्र एका मुळातून निघूनही वेगळे वाढले. या हमाल विजेचा मुंबईपुरता आणि सह्याद्रीपुरता इतिहास आज सांगावयाचा आहे. तो सांगताना एकच गोष्ट मनात धरली आहे: तारेला दोन टोके असतात. एक आपल्या भिंतीत दिसते. दुसरे कुठे आहे आणि तिथे कोण उभे आहे, हे विचारल्याशिवाय विजेचा इतिहास पुरा होत नाही.

प्रारंभ १८८२ सालापासून करू. त्या वर्षी ४ सप्टेंबरला न्यूयॉर्क शहरातल्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनने आपले वीजकेंद्र सुरू केले. त्याच वर्षी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, विजेचे दिवे प्रथम लागले. पुढल्या वर्षी मंडईत आणि काही रस्त्यांवर दिवे लावण्यासाठी नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करारही केला. परंतु त्याच्या पुढल्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आली.

त्या काळची वीज एकाच दिशेने वाहणारी होती. तिला एकदिश प्रवाह किंवा डीसी म्हणतात. तिचे दुखणे असे की ती फार लांब जात नसे. एडिसनच्या केंद्राचा पल्ला मैलभराचा. त्यापुढे तारेतच वीज झिजून दिवे मंद होत. याचा अर्थ, ज्याला दिवा हवा त्याच्या आळीतच इंजिन आणि जनित्र धडधडत हवे. तारेची दोन्ही टोके एकाच मोहल्ल्यात होती.

वीज तारेत झिजते कशी, हे एका साध्या हिशेबाने कळेल, आणि हा हिशेब कळला की विद्युत्शक्तीच्या शास्त्राचे निम्मे दार उघडले. तारेतून जो वाहतो तो प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. त्याला मागून रेटणारा तो दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. दोहोंचा गुणाकार म्हणजे पोचवलेली शक्ती. समजा, हजार किलोवॅट शक्ती पोचवायची आहे. दाब हजार व्होल्ट ठेवला तर प्रवाह हजार अँपिअर लागेल. दाब एक लाख व्होल्ट केला तर काम तेवढेच, पण प्रवाह अवघा दहा अँपिअर. आता तार तापून जी नासाडी होते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात: प्रवाह दुप्पट तर नासाडी चौपट, प्रवाह दसपट तर नासाडी शंभरपट. आपल्या उदाहरणात प्रवाह शंभरांश झाला. म्हणजे त्याच तारेतली नासाडी दहा हजारांश झाली. लांब जायचे तर दाब वाढवून जावे, आणि घरात शिरताना तो उतरवून शिरावे, हे सारे रहस्य.

दाब चढवण्या-उतरवण्याचे यंत्र म्हणजे रोहित्र. त्याचे मूळ फॅराडेच्या १८३१ च्या प्रयोगात आहे. लोखंडी कड्याच्या एका बाजूला तारेचे एक वेटोळे, दुसऱ्या बाजूला दुसरे. पहिल्यातला प्रवाह बदलला की दुसऱ्यात दाब उपजतो. दुसऱ्यात वेढे जास्त तर दाब चढतो, कमी तर उतरतो. मात्र अट अशी की पहिल्यातला प्रवाह सतत बदलता पाहिजे. स्थिर प्रवाहाला रोहित्र दाद देत नाही. म्हणून सेकंदात अनेकदा दिशा पालटणारा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, पुढे आला. १८९१ साली जर्मनीत लाउफेन येथील धबधब्याची वीज १७५ किलोमीटरवरील फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत नेऊन दाखवण्यात आली, आणि तिच्यातला सुमारे पाऊण भाग सुखरूप पोचला. १८९६ साली नायगाराची वीज बफेलो शहरात गेली. आपल्या देशात दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १८९७ साली लहानसे जलविद्युत् केंद्र निघाले, आणि १९०२ साली म्हैसूर संस्थानात शिवसमुद्रमची वीज बाण्णव मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना जाऊ लागली. तारेचे दुसरे टोक आता नजरेआड गेले होते.

ते टोक मुंबईपासून कसे लांबले, हे पाहण्यापूर्वी गिरण्यांत डोकावले पाहिजे. कारण हमाल विजेशी आमच्या कामगार बांधवांची पहिली गाठ तिथे पडली. पूर्वी गिरणीचा दिवस सूर्याच्या हाती होता. उजाडले की साचे सुरू, अंधारले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, हिवाळ्यात लहान. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या अनेक गिरण्यांत विजेचे दिवे लागले. मोठ्या कौतुकाची गोष्ट म्हणून हे दिवे वाखाणले गेले. परिणाम असा झाला की सूर्याचे बंधन सुटले आणि दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. कामगार संतापले, त्या वर्षी दंगेही झाले. वर्तमानपत्रांत लेख आले, सरकारला चौकशी करावी लागली, १९०८ साली फॅक्टरी लेबर कमिशनने अहवाल दिला, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. पण रोजच्या तासांना सरकारी कुंपण पडायला विजेच्या दिव्याने केलेला अतिरेक कारण व्हावा, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. दिवा वाईट नव्हता. वाईट होती ती, दिवा ज्याच्या हाती त्यानेच दिवसाची लांबी ठरवावी, ही रीत.

आता खोपोलीकडे वळू. मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. कोळसा शेकडो कोसांवरून येई, महाग पडे, आणि धुराने शहर काळवंडे. उलट मुंबईपासून चाळीस-पन्नास मैलांवर सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात आभाळ फाटते, आणि तिथून कोकणात उतरणारा कडा जवळजवळ सरळ आहे. पाऊस आणि कडा ही दोन्ही एकत्र जुळण्याचा योग विरळा. जमशेटजी टाटांनी ही कल्पना उचलून धरली. ते १९०४ साली निवर्तले, आणि त्यांच्यामागे १९१० साली कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे धरणे बांधून पाणी साठवले. ते नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीस सोडले. तिथली चक्रे फिरली, आणि ८ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते केंद्राचे उद्घाटन झाले. एक लाख व्होल्टच्या दाबाने त्रेचाळीस मैलांची तार परळपर्यंत आली. मघाचा हिशेब हा असा प्रत्यक्षात उतरला.

पाण्याच्या पडण्यातून वीज किती मिळते, याचीही कल्पना असावी. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली पडले, तर यंत्रातली घट वजा जाता साधारण सव्वा युनिट वीज मिळते. हजार वॅटची इस्त्री सवा तास चालवली की ते हजार लिटर संपले. ज्या घरात महिन्याला शंभर युनिटे जळतात, त्या घरासाठी अशा उंचीवरून ऐंशी हजार लिटर पाणी कडा उतरते. एका घराला ऐंशी हजार लिटर, तर साऱ्या गिरण्यांना किती? याच हिशेबामुळे एका तळ्यावर भागणार नव्हते. १९२२ साली आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. तिसरे केंद्र भिऱ्याला व्हायचे होते. त्यासाठी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ, मुळशी पेट्यात, धरण हवे होते.

इथे तारेचे दुसरे टोक प्रथमच बोलू लागले. मुळशी खोऱ्यातली भाताची खाचरे उत्तम. शेते, घरे, देवळे सारी पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या एप्रिलात, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह केला. विनायकराव भुस्कुटे या लढ्याचे एक प्रमुख. आणि पांडुरंग महादेव बापट यांना याच लढ्याने ‘सेनापती’ केले. सत्याग्रह चालला, थांबला, पुन्हा उठला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. धरण झाले. १९२७ साली भिऱ्याची वीज मुंबईत आली.

या लढ्याविषयी बोलताना आमच्यासारख्यांची मोठी पंचाईत होते, ती लपवण्यात अर्थ नाही. ज्या विजेने मुळशी बुडाली तिने गिरणी चालली. आणि गिरणीत राबणारा माणूस कोण, तर कोकणातून, घाटावरून, मावळातून पोट भरायला आलेला शेतकऱ्याचाच मुलगा. १९२० च्या मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. त्याच्या पुढल्याच वर्षी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. परळच्या चाळीतला कामगार आणि मुळशीचा मावळा एकाच तारेच्या दोन टोकांना उभे होते, पण एकमेकांना दिसत नव्हते. धरण हवे की नको, एवढाच प्रश्न तेव्हा मांडला गेला. किती भरपाई, कोणाच्या हाती, जमिनीबदली जमीन कुठे, आणि बुडणाऱ्याच्या वस्तीला दिवा केव्हा, हे प्रश्न मागे पडले. पुष्कळ जमिनी सावकारांकडे गुंतलेल्या होत्या. तेव्हा कसणाऱ्याच्या पदरात भरपाईतले काय पडले असेल याची कल्पना करता येते. धरणाकाठच्या कित्येक वाड्यांवरून उंच मनोऱ्यांच्या तारा वर्षानुवर्षे गुणगुणत गेल्या, आणि खाली कंदील जळत राहिले. आणखी एक गोष्ट. हे सगळे पाणी मुळात पूर्वेकडे, देशावर जाणारे. कड्यावरून ते पश्चिमेला वळवले म्हणजे वीज मिळते, पण तेवढे पाणी पठाराला अंतरते. हा वाद शंभर वर्षांनीही मिटलेला नाही.

आता शास्त्राचा दुसरा पाठ, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. धान्य कोठारात ठेवता येते, पाणी हौदात. वीज प्रत्यावर्ती रूपात साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी आपण बटण दाबतो त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज जास्त निर्माण व्हावी लागते. कमी नाही, अधिक नाही. ही तोंडमिळवणी होते कशी? जत्रेतला रथ डोळ्यांपुढे आणा. दोराला पन्नास माणसे लागली आहेत आणि रथ ठराविक चालीने चालला आहे. चढ लागला की ओझे वाढते आणि चाल मंदावते. चाल मंदावली हे प्रत्येकाच्या हाताला कळते, आणि प्रत्येक जण जरा जास्त जोर लावतो. विजेच्या जाळ्यातही असेच आहे. जाळ्याला जोडलेली सर्व जनित्रे लेझमीच्या मेळासारखी एका तालात फिरतात. आपल्या देशात हा ताल सेकंदाला पन्नास आवर्तनांचा. मागणी वाढली की चक्रे किंचित मंदावतात, ताल पन्नासाच्या खाली सरकतो. चक्रावरचा नियामक ते ओळखून पाण्याची किंवा वाफेची झडप थोडी उघडतो. मागणी घटली की उलटे. आपल्या घरातला एक दिवा लागतो तेव्हा शेकडो मैलांवरच्या चक्राला तो जाणवतो. कितीही अल्प असो, पण जाणवतो.

म्हणून वीज चालवणे म्हणजे मागणीच्या चढउतारावर पहारा ठेवणे होय. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली; ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी सुरू झाली. ही गाडी १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत असे, कारण गाडी ओढणाऱ्या मोटारीला त्या काळी तोच सोयीचा होता. मुंबईच्या लोकल गाड्या पंचवीस हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर संपूर्णपणे यायला २०१६ साल उजाडले. उलट लांब पल्ल्याच्या वाहतुकीत एकदिश प्रवाह नव्या रूपाने परतला: चंद्रपूरची वीज १९९९ पासून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर एकदिश प्रवाहाने येते. शास्त्रात कोणाचाही पराभव कायमचा नसतो, हे आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही मुद्दाम सांगतो. चंद्रपूरकडचे टोक मात्र विसरू नये. तिथे कोळसा जळतो आणि राख पडते. दिवा मुंबईत लागतो.

सकाळी गाड्या व गिरण्या, संध्याकाळी घरोघरचे दिवे, असा मागणीचा डोंगर रोज उभा राहतो. कोळशाचे केंद्र थंड असेल तर चालू व्हायला कित्येक तास लागतात. पाण्याचे काही मिनिटांत होते. संध्याकाळचा डोंगर चढायला पाण्याइतका चांगला गडी नाही, म्हणून कोयनेचे महत्त्व. १९५४ साली काम सुरू झाले, १९६२ साली वीज मिळू लागली, आणि महाराष्ट्र राज्याच्या उभारणीत कोयनेने जो हात दिला त्याला तोड नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. पण धरण उभे राहिले आणि केंद्र पुन्हा चालू झाले. ते चालू करणाऱ्या कामगारांची घरे पडलेली होती, हे लक्षात ठेवावे. पुढे १९९९ आणि २०१२ साली सरोवराच्या तळाला बोगद्यातून छेद देऊन पाणी घेण्याचा पराक्रमही आपल्याच इंजिनिअरांनी आणि मजुरांनी केला. आणि २०१८ साली, म्हणजे काम सुरू झाल्यापासून चौसष्ट वर्षांनी, कोयनेच्या विस्थापितांना आपल्या हक्काच्या पुनर्वसनासाठी कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला. एकाच प्रकल्पाच्या इतिहासात हे तिन्ही प्रसंग आहेत. त्यांतले दोनच सांगून तिसरा गाळणे हा अर्धा इतिहास झाला.

रथाच्या दृष्टांताची दुसरी बाजूही आहे. दोर ओढणाऱ्यांतले काही जण एकदम सुटले तर त्यांचे ओझे बाकीच्यांवर येते. ते न पेलून आणखी काही सुटतात. आणि पाहता पाहता रथ थांबतो. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे जाळे असेच कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य मिळून साठ कोटींहून अधिक वस्तीचा प्रदेश अंधारात गेला. पश्चिमेचे जाळे वाचले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर तारेने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले, आणि तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सारी जनित्रे एका तालात फिरतात. केवढी ही एकजूट! पण एकजुटीलाही शिस्त लागते. मुंबईसाठी १९८१ पासून अशी योजना आहे की बाहेरचे जाळे ढासळले तर शहराने स्वतःला बेटासारखे तोडून घ्यावे आणि आतल्या केंद्रांवर चालावे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा बाजूच्या तारा एकामागून एक सुटल्या, बेट तुटलेही. पण त्या वेळी शहराच्या आत चालू असलेली निर्मिती मागणीला पुरेना. गाड्या जागच्या जागी थांबल्या. रुग्णालये जनरेटरवर गेली. त्या दिवशी कित्येक मुंबईकरांना कळव्याचे नाव प्रथमच विजेच्या संदर्भात ऐकू आले.

आता शेवटचा पाठ. तो आम्ही पुस्तकात वाचला नाही. काही वर्षांपूर्वी एका गावात आमचा एक कंत्राटी सोबती अकरा हजार व्होल्टच्या तारेवर दुरुस्तीला चढला. उपकेंद्रातून फीडर बंद केलेला होता. तसा परवाना त्याच्या खिशात होता. कागदाप्रमाणे तार मेलेली होती. वीज गेलेली पाहून गावातल्या एका कारखानदाराने आपला मोठा जनरेटर लावला. बाहेरची लाइन वेगळी करणारा स्विच तिथे बसवलेलाच नव्हता. मघाशी सांगितले की रोहित्र दाब चढवते तसेच उतरवते. आमच्या हुशार मुलांना हे सूत्र पाठ आहे. पण त्याचा अर्थ असाही आहे की रोहित्राला दिशा नसते. घराकडून वीज घातली तर ते तितक्याच इमानाने चढवून तारेवर पाठवते. मेलेली तार दुसऱ्या टोकाकडून जिवंत झाली. सोबती गेला. काम करण्याच्या जागेच्या दोन्ही अंगांनी तार जमिनीला जोडून ठेवायची, हा या धंद्यातला जुना आणि पहिला नियम. त्या दिवशी त्याच्यापाशी एकच अर्थिंगचा संच होता, तोही अर्धा तुटलेला. भरपाईचा अर्ज घेऊन आम्ही गेलो तेव्हा त्याचे नाव हजेरीपटावर नाही असे सांगण्यात आले. त्याच्या हातातला परवाना मात्र खरा होता, आणि त्यावर त्याची सही होती. त्या एका कागदाच्या जोरावर तीन वर्षे भांडून आम्ही त्याच्या घरच्यांना पैसे मिळवून दिले. माणूस मिळाला नाही.

तेव्हापासून आमच्या वर्गातला पहिला धडा बदलला. पूर्वी आम्ही व्होल्ट आणि अँपिअरपासून सुरुवात करीत असू. आता फळ्यावर एक सरळ रेघ काढतो आणि विचारतो, "हिच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे?" लाइनमनला हा जीव वाचवणारा प्रश्न आहे. इंजिनिअरला तो जाळे सांभाळणारा प्रश्न आहे. नागरिकाला तो न्यायाचा प्रश्न आहे. आणि आता तर तो अधिकच निकडीचा झाला आहे. कारण घराघरांच्या छपरांवर सौर पट्ट्या बसत आहेत, आणि पूर्वी जिथे केवळ वीज घेणारा राहत होता तिथे देणाराही राहू लागला आहे. दुपारी वीज उदंड आणि संध्याकाळी तुटवडा, ही नवी ओढाताण आहे. ती सोडवायला घाटघरसारख्या ठिकाणी फाजील विजेने पाणी वर चढवून ठेवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडतात. मोठ्या बॅटऱ्याही येत आहेत. साधने बदलतील. पण घेतलेल्या आणि दिलेल्या विजेचा क्षणाक्षणाचा मेळ घालणे चुकणार नाही, आणि तो मेळ घालणारी माणसेही लागणारच.

वीज नको, धरण नको, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या माणसाने तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आमचे म्हणणे इतकेच की १९०५ च्या गिरणीत दिव्याबरोबर तासांचा कायदा लागला, तसा प्रत्येक नव्या विजेबरोबर तिच्या दुसऱ्या टोकाचा कायदा लागावा: बुडणाऱ्याला आधी जमीन, खांबाखालच्या वाडीला आधी दिवा, खांबावरच्या माणसाला आधी अर्थिंग आणि हजेरीपटावर नाव.

या पावसाळ्यात आम्ही अभ्यासवर्गाच्या मुलांना खोपोलीस नेणार आहोत. तिथून वर पाहिले म्हणजे घाटाच्या अंगावरून उतरणारे नळ दिसतात. मग त्यांना मुळशीच्या काठी नेऊ. तिथे पाण्याखेरीज दाखवण्यासारखे काही नाही. पण ते पाणी पाहून परत आलेला मुलगा, पंख्याची वीज कुठून येते असे विचारल्यावर, भिंतीतल्या प्लगकडे बोट दाखवणार नाही, अशी आम्हांला आशा आहे.